प्रल्हाददादा, खाडीपासून मागे जाताना

प्रल्हाददादा,

त्या बुधवारी कुसुमवहिनींचा फोन आला, तेव्हा मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडत होते. लॅबमध्ये होते, हातात पिपेट होती, आणि तुम्हाला काय उत्तर द्यायचं ते जुळवत होते. गेले कित्येक महिने माझं हेच चाललं होतं. वाक्य जुळायचं, आणि लगेच तुमचं उत्तरही ऐकू यायचं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "वैशाली, दादा गेले गं पहाटे." मी "हो" म्हटलं. नुसतं हो. फोन ठेवल्यावर कळलं की आता यापुढे दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागणार.

आज अकरा दिवस झाले. लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलतायत, मीही मान हलवते. पण मला तुमच्याबद्दल नाही, तुमच्याशी बोलायचंय.

मी उल्हासनगरच्या त्या लॅबमध्ये लागले तेव्हा माझ्याकडे एम.एस्सी.ची डिग्री होती आणि पाण्याची साधी बाटली कशी भरतात ते येत नव्हतं. तुम्ही तिथे नमुने आणायचं काम करायचात. पहिल्याच दिवशी मी नळाखाली बाटली धरावी तशी नाल्यात बुडवली, तेव्हा तुम्ही काठावरून ओरडलात, "अगो बाई, घागर भरतेस का?" मग पाण्यात उतरून दाखवलंत. तोंड प्रवाहाकडे करायचं. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची. लेबल पेन्सिलीने लिहायचं, पेनची शाई पसरते. आणि वास थेट घ्यायचा नाही, बाटलीवरून हाताने हवा आपल्याकडे ओढायची. "नाक एकच दिलंय, जपून वापरायचं," असं म्हणायचात. चार लोकांसमोर मला मॅडम म्हणायचात आणि स्कूटरवर बसलं की पोरी. तुम्ही खरवईचे, मी सोनिवलीची. आठ वर्षं तुमच्या स्कूटरच्या मागे बसून मी बदलापूर ते उल्हासनगर आले-गेले. अंबरनाथ आलं की हवेतल्या वासावरून तुम्ही सांगायचात आज कुठल्या शेडमध्ये काय चाललंय. मला ती गंमत वाटायची.

लॅबमध्ये येण्याआधी तुम्ही अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत फिटर होतात. ठेकेदाराकडून आज या कंपनीत, उद्या त्या कंपनीत. एवढंच मला माहीत होतं. जास्त मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत.

हिराबाई आल्या तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. खाली खाडीकाठच्या गावातली साठीची बाई, स्टीलचा डबा घेऊन पायऱ्या चढून वर आलेली, धापा टाकत. डब्यात एक बोईट मासा. टेबलावर डबा ठेवून म्हणाल्या, "यो तपासा. आमचे खाडीन मावरा मरून वर येतंय. जो जिता गावतो त्याला दवाईचा वास. शिजवला तरी जात नाय."

आमचे मालक वासूभाई समजुतीने म्हणाले, "माई, हम पानी का टेस्ट करते हैं, मछली का नहीं."

हिराबाई डबा उचलायला लागल्या, तेवढ्यात तुम्ही पुढे झालात. डबा हातात घेतलात आणि नाक थेट माशाला लावलंत. मला नवल वाटलं. आठ वर्षांत तुम्ही असं केलेलं मी पाहिलं नव्हतं. तुम्ही बराच वेळ तसेच उभे होतात. मग डबा बंद करून म्हणालात, "मावशी, पाणी बघू आम्ही. येतो रविवारी." आणि माझ्याकडे वळून, "येशील ना गं?"

मला वाटलं, तुम्हाला त्या बाईची दया आली.

असे आपले रविवार सुरू झाले. वासूभाईंचं मन मोठं, म्हणाले, "संडे को मशीन खाली रहता है, चला लो, लेकिन मुझे बताना मत क्या निकला." ओहोटी बघून खाडीवर जायचं, कारण भरतीला समुद्राचं पाणी आत येतं आणि सगळं मिसळून जातं. पहिल्याच नमुन्यात एक रसायन सापडलं जे खाडीत असायचं काही कारण नव्हतं. रंग बनवायच्या कारखान्यात वापरतात ते. मी म्हटलं, आता अर्ज करू. तुम्ही म्हणालात, "कुणाविरुद्ध? खाडीविरुद्ध? आधी मागे जाऊ."

मागे जायचं म्हणजे पाणी जिकडून आलं तिकडे. जिथे दोन प्रवाह मिळतात तिथे दोन्हींतून एकेक बाटली भरायची. ज्यात ते रसायन असेल तो धरायचा, दुसरा सोडून द्यायचा. पुढच्या फाट्यावर पुन्हा तेच. खाडीतून आपण वालधुनीत आलो. कल्याणच्या मागून, उल्हासनगरच्या मागून, जिथे घरांच्या मोऱ्या थेट नदीत उतरतात. लोक खिडकीतून विचारायचे, "क्या ढूंढ रहे हो?" तुम्ही म्हणायचात, "अंगठी." एका बाईने खरंच तासभर आपल्याबरोबर काठावरून शोधली. अंबरनाथच्या शिवमंदिरामागे मी गुडघाभर गाळात रुतले. तुम्ही हात द्यायच्या आधी माझ्या हातातली बाटली घेतलीत. मी चिडले तर म्हणालात, "तू धुऊन निघशील. नमुना परत मिळायचा नाही."

दर वेळी मी गोंधळायचे की कुठला नाला धरावा, आणि तुम्ही शांतपणे म्हणायचात, "दोन्ही भर. मशीन सांगेल." एकदाही तुम्ही अंदाज केला नाहीत. मला वाटायचं ही तुमची शिस्त. मी तुमच्याकडून तीच शिकत होते.

सहा महिने गेले. शेवटी आपण वसाहतीच्या मागच्या एका नाल्यावर आलो. आठवड्यात इतर दिवशी कामावर जाता-येता भरलेल्या बाटलीत काही सापडायचं नाही. सापडायचं ते फक्त रविवारी सकाळी, लोक मटणाच्या रांगेत उभे असतात त्या वेळी. आपण अंतर कमी करत आणलं. रस्त्याखालच्या मोरीच्या खालच्या बाजूला रसायन आहे, वरच्या बाजूला नाही. मधे फक्त मोरी, एक दगडी भिंत आणि घाणेरीचं रान. मी काठीने झुडपं बाजूला करत तासभर शोधलं. नाल्याला कुठेच दुसरं पाणी येऊन मिळत नव्हतं. वैतागून मी म्हटलं, "दादा, आपलं चुकतंय कुठेतरी."

तुम्ही मोरीवर बसून होतात. उठलात, खाली उतरलात, भिंतीच्या पायाशी वाकलात आणि एक फरशी सरकवलीत. तिच्यामागे पाइपचं तोंड होतं. पिवळट पाणी येत होतं, बारीक धारेने, आवाजसुद्धा नव्हता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीच बसवलाय."

मला आधी अर्थच लागला नाही. तुम्ही माझ्याकडे न बघता सांगत राहिलात. अकरा वर्षांपूर्वी ठेकेदाराने सांगितलं, भिंतीपलीकडच्या कंपनीची पावसाचं पाणी काढायची लाइन आहे. दोन दिवसांत तुम्ही टाकलीत. आठवड्याने तिथून जाताना वास आला आणि कळलं. मुलगी प्रज्ञा नर्सिंग शिकत होती, फी भरायची होती, म्हणून वर्षभर तुम्ही तिथेच काम केलंत. मग सोडलंत, आणि पाण्याच्या लॅबमध्ये आलात.

"म्हणजे त्या माशाचा वास घेतलात तेव्हाच..."

"तेव्हाच."

"मग सहा महिने मला गटारातून का फिरवलंत? पहिल्या दिवशी इथे आणलं असतं तर?"

तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी बोट दाखवलं असतं तर ती फिटरची चुगली झाली असती. माझ्या शब्दाला कोण विचारतं? तुझ्या बाटलीला विचारतात. खाडीपासून इथपर्यंत एकेक बाटली आहे आता. मधली एकही कडी कुणी तोडू शकत नाही."

तुमचं म्हणणं बरोबर होतं. आज मला ते कळतं. कदाचित तेव्हाही कळलं होतं. पण मला फसवल्यासारखं वाटत होतं, आणि त्या रागात मी म्हटलं, "दादा, हिराबाईंच्या खाडीत जो मासा मेला, तो तुमच्या हाताने मेला."

तुम्ही म्हणालात, "हो."

मग घरून आणलेल्या साबणाने हात धुतलेत, नेहमीसारखे कोपरापर्यंत. बाटली भरलीत, लेबल लिहिलंत. मला सोनिवलीपर्यंत सोडलंत. गेटपाशी फक्त म्हणालात, "पेटीतला बर्फ बदल. संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही."

पुढचं भांडण तर फोनवर झालं. हिराबाईंनी प्रदूषण मंडळाकडे अर्ज केला, त्याला मी सगळे निकाल जोडले. अधिकारी आले, पाइप पाहिला. कंपनीने सांगितलं, हा पाइप आमचा नाही, जुना कुणाचा असेल, आम्हाला माहीत नाही. भिंतीच्या आतल्या बाजूला नवीन फरशी घातलेली होती. तो कुठून निघतो ते सांगणारा माणूस हवा होता. मी तुम्हाला म्हटलं, "जबाब द्या."

तुम्ही म्हणालात, "वहिनीचा भाचा, नितीन, तिथे कामाला आहे. तिथे तीनशे घरं जेवतात. पाइप बंद झाला पाहिजे गं, गेट नाही."

"दोन्ही कसं जमायचं दादा? अशाच विचाराने तर अकरा वर्षं गेली."

"गेट बंद झाल्यावर घरात काय होतं ते तुला माहीत नाही. तू टॉवरमध्ये राहतेस."

मी फोन ठेवून दिला. मला ते फार लागलं. माझे वडील मिलमध्ये होते, दादा. गेट बंद झाल्यावर घरात काय होतं ते मी सातवीत असताना पाहिलंय. आई दुपारी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून नुसती भांडी वाजवायची. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगायला हवं होतं. ते सांगितलं असतं तर आपलं भांडण वेगळ्या वळणाने गेलं असतं, कोण जाणे. तुमच्याकडे एक गोष्ट लपलेली होती म्हणून मी तुम्हाला बोलले, आणि माझ्याकडची मी तशीच ठेवली.

तुम्ही लॅबमध्ये यायचे थांबलात. वासूभाई म्हणाले, सुट्टीवर आहेत. तीन आठवड्यांनी मला बाहेरून कळलं की तुम्ही एकटेच जाऊन जबाब दिलात. स्वतःचं नाव, पत्ता, फिटर म्हणून केलेलं काम, भिंतीच्या आत पाइप कुठे वळतो त्याचं हाताने काढलेलं चित्र. आतली फरशी फोडली तेव्हा पाइप तुमच्या चित्राप्रमाणेच निघाला. तो काँक्रीटने बुजवला. कंपनीवर कारवाई झाली, आणि गेट बंद झालं नाही. दोन्ही जमलं, दादा. तुम्हाला हवं होतं तसं. फक्त नितीनचं कंत्राट पुढे वाढवलं नाही, का ते कुणी सांगितलं नाही. तो आता रिक्षा चालवतो. वहिनींच्या माहेरच्यांनी तुमच्याकडे यायचं सोडलं.

मी तेव्हा फोन करायला हवा होता. रोज ठरवायचे. काय बोलायचं ते सुचायचं नाही, मग उद्या. तुमचा नंबर काढून मी कितीदा बघितला असेल. असे किती महिने गेले ते सांगायची लाज वाटते. शेवटी बातमी आली ती तुमच्या आजाराची.

हॉस्पिटलात तुम्ही ओळखू येत नव्हतात. पोटाचा कॅन्सर, पसरलेला. मी बाहेर डॉक्टरांना विचारलं, कशामुळे झाला असेल? इतकी वर्षं वसाहतीत काम, मग इतकी वर्षं नाल्यात. ते म्हणाले, "असं एक कारण नाही सांगता येत." मी मान हलवली. खाडीतल्या एका बाटलीपासून भिंतीतल्या पाइपापर्यंत मी मागे जाऊ शकले. तुमच्या बाबतीत पहिल्याच फाट्यावर वाट संपली.

तुम्ही मला पाहून हसलात. विचारलंत, "रविवारी ओहोटी किती वाजता?"

मी सांगितलं.

"पाणी कसं आहे?"

"ते रसायन आता सापडत नाही. बाकीची आहेत. दुसऱ्या नाल्यांतून येतात."

"मग मागे जा की."

मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, "दादा, त्या दिवशी नाल्यात मी..." तुम्ही हात वर केलात. "तुझं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही," तुम्ही म्हणालात. "माझंही नव्हतं. अजून ठरायचंय ते." तेवढ्यात नर्स सलाइन बदलायला आली, तुम्ही डोळे मिटलेत आणि मी बाहेर आले. मला वाटलं, पुढच्या वेळी ठरवू.

तर आता ऐका. त्या मोरीखाली मी जे बोलले ते चूक होतं. पाइप तुम्ही जोडलात हे खरं आहे. पण दर रविवारी सकाळी व्हॉल्व्ह उघडणारे हात वेगळे होते, उघडा म्हणणारे वेगळे, आणि कागदावर सही करणारे वेगळे. ते सगळे मला दिसत नव्हते. समोर तुम्ही होतात, चिखलात उभे, स्वतःहून सांगणारे. म्हणून सगळं तुमच्यावर टाकलं. माफ करा मला, दादा. हे एक वाक्य बोलायला मला इतके दिवस लागले, आणि तुमच्यापर्यंत पोचणार नाही तेव्हा ते निघालं.

गेल्या रविवारी तुमच्या जलदानविधीला खरवईला आले होते. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, कोरड्या डोळ्यांनी. प्रज्ञा म्हणाली, "बाबा गेले त्या दिवसापासून आई रडलीच नाही, ताई. आम्हाला भीती वाटते." माहेरचं कुणी आलं नव्हतं. नितीन आला होता, दारात चपलांपाशीच बसला, पण आला होता. भंतेजींनी गाथा म्हटल्या, पात्र भरून वाहीपर्यंत पाणी ओतलं गेलं, लोक दोन शब्द बोलले. तुमचा प्रामाणिकपणा, तुमचं कष्टाळूपण. पाइपाबद्दल कुणी बोललं नाही. मीही नाही.

जेवणं सुरू व्हायच्या वेळी दारात हिराबाई दिसल्या. मी चकित झाले. त्यांना कुणी कळवलं? आणि तुमचं घर कसं माहीत? मी उठून त्यांना आत घेतलं. हळूच विचारलं तर म्हणाल्या, "मना ठावं नसंल व्हय? दर महिन्याला यायचा त्यो."

दादा, हे मला माहीत नव्हतं. जबाब द्यायच्याही आधी, आपलं फोनवर भांडण झालं त्याच आठवड्यात, तुम्ही एकटे खाडीवर गेला होतात. हिराबाई जाळं निवडत बसल्या होत्या. तुम्ही समोर उभं राहून सांगितलंत, मावशी, तो पाइप मी बसवला.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करनार? जाम शिव्या घातल्या. त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्यो उभाच. तोंडातून शिव्या संपल्या तरी उभाच. मंग बोलले, बस आता, चाय घे."

त्यानंतर तुम्ही जात राहिलात. त्यांच्याबरोबर धक्क्यावर बसायचात, जाळ्यात काय आलं ते बघायचात. दुखणं वाढलं तसं जाणं थांबलं, म्हणून त्यांनी कुणाकडून तरी चौकशी करवली. पत्ता मिळाला, पण त्या आल्या तोवर तुम्ही नव्हतात.

मी इतके महिने तुमच्यासाठी एक न्यायालय मांडून बसले होते, आणि तुम्ही कधीच तिथून उठून जिथे जायला हवं तिथे जाऊन आला होतात.

वहिनी आमच्याकडे बघत होत्या. हिराबाई जाऊन त्यांच्या शेजारी खाली बसल्या. वहिनींनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" हिराबाईंनी गावाचं नाव सांगितलं. वहिनींचा चेहरा पडला. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी तुमचं फार नुकसान केलं."

हिराबाईंनी पदर सारखा केला. नाही म्हणाल्या नाहीत, असं नका बोलू असंही म्हणाल्या नाहीत.

"केलं," त्या म्हणाल्या. "आन सांगाला बी त्योच आला. बाकीचे कुटं आले?"

तेव्हा वहिनी रडल्या, दादा. हिराबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून, मोठ्याने. प्रज्ञा धावत आली, नितीन दारातून उठून आत आला, आणि मग आम्ही सगळेच रडलो.